चार ते साडेसहा

दिवाळीच्या आधीचा एक बुधवार. मी कंपनीत आयटीत आहे. डिस्पॅचमधल्या, म्हणजे माल बाहेर पाठवायच्या विभागातल्या, लेबल प्रिंटरची केबल उंदरानं कुरतडली होती, ती बदलायला गेलो होतो, काम फार तर दहा मिनिटांचं. नवीन केबल टेबलामागून ओढून घ्यायला खालचा ड्रॉवर बाहेर काढावा लागला आणि त्यात जुन्या चलनांच्या गठ्ठ्याखाली एक वही दिसली, शाळेतली पोरं वापरतात तसली, शंभर पानी. वर पेनानं 'नेट' एवढंच लिहिलेलं, म्हणून मी उघडली, नाहीतर दुसऱ्याची वही उघडायची सवय नाही मला. आत पट्टीनं रेघा मारून तीन रकाने पाडलेले. तारीख, किती वाजता, किती वेळ. ८ जुलै, ४.२५, सहा मिनिटं. ८ जुलै, ५.१०, चार मिनिटं. ९ जुलै, ४.४०, सात मिनिटं, आणि त्याच्यापुढं बारीक अक्षरात 'गाडी थांबली'. असं पानामागून पान. मी उभ्या उभ्याच मोजलं, अठ्ठावन्न नोंदी होत्या. सगळ्या चार ते साडेसहाच्या मधल्या. शेवटची २७ सप्टेंबरची आणि त्याच्यापुढं वही कोरी.

डिस्पॅचच्या ताई तेव्हा गेटजवळ एका ड्रायव्हरशी बोलत होत्या. आत आल्या, माझ्या हातात वही बघितली आणि जरा अवघडल्या, जसं काही त्यांचंच काहीतरी चुकलंय. म्हणाल्या, "अहो सर, ते जुनं आहे, टाकून द्या." मी विचारलं, "ताई, सप्टेंबरनंतर बंद झाला का हा त्रास?" त्या लेबलचा रोल सारखा करता करता म्हणाल्या, "नाही हो. लिहायचं बंद केलं."

लिहायचं बंद केलं.

हे तीन शब्द घेऊन मी घरी गेलो, जेवलो, झोपलो असं म्हणता येणार नाही पण आडवा झालो. कारण त्या अठ्ठावन्न नोंदींपैकी चार मला माहीत होत्या. चार वेळा डिस्पॅचमधून तिकीट, म्हणजे आयटीकडे नोंदवलेली तक्रार, आलं होतं, 'संध्याकाळी सिस्टीम खूप स्लो', आणि चारही वेळा मी माझ्या खुर्चीत बसून स्क्रीन उघडला, डिस्पॅचचा स्विच, म्हणजे तिथले कॉम्प्युटर नेटवर्कला जोडणारा डबा, हिरवा, सर्व्हर हिरवा, लिंक हिरवी, आणि तिकिटात लिहिलं, 'चेक केलं, काही प्रॉब्लेम आढळला नाही'. खोटं लिहिलं नव्हतं. मला खरंच आढळला नव्हता. आणि ऑक्टोबरमध्ये डिस्पॅचमधून तिकिटं यायची थांबली तेव्हा मी मनातल्या मनात त्याचा अर्थ लावला की झालं असेल आपोआप बरं काहीतरी, रिव्ह्यू मीटिंगमध्ये तसं बोललोसुद्धा. त्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये अपटाइम होता ९९.९७ टक्के. तीस दिवसांच्या महिन्यात ते धरलं तर फक्त तेरा मिनिटं बंद. वहीतल्या मिनिटांची बेरीज मी त्या रात्री मोबाईलवर केली, तीनशे दहा मिनिटं आली, म्हणजे पाच तासांच्या वर, आणि यातलं एकही मिनिट माझ्या कुठल्याच रिपोर्टमध्ये नव्हतं. कारण माझ्या हिशोबात बंद म्हणजे बंद. चालू आहे पण माणूस पडद्याकडे बघत बसलाय, याला माझ्याकडे रकानाच नव्हता.

आमची कंपनी चाकणच्या एमआयडीसीत आहे, गाड्यांचे पार्ट बनवतो, फार मोठी नाही आणि फार छोटीही नाही. ज्यांनी असं काम केलंय त्यांना डिस्पॅचची संध्याकाळ काय असते ते सांगायला नको. तीन ते सहाच्या मध्ये गाड्या लागतात, पुढच्या कंपनीची असेंब्ली लाइन रात्रीच्या शिफ्टला आपल्या मालावर चालणार असते, उशीर झाला की फोन सुरू होतात. माल भरून तयार, ताडपत्री बांधलेली, ड्रायव्हर इंजिन चालू करून बसलेला, आणि इन्व्हॉइस आणि ई-वे बिल, म्हणजे मालासोबत लागणारा सरकारी ऑनलाइन कागद, हातात पडल्याशिवाय गाडी गेटच्या बाहेर काढता येत नाही. त्या वेळी डिस्पॅचमध्ये डिझेलचा धूर आत येत असतो, ओल्या पुठ्ठ्याचा आणि गंज लागू नये म्हणून पार्टला लावलेल्या तेलाचा वास असतो, फोर्कलिफ्टचा पीं पीं चालू असतो, आणि टेबलासमोर तीन ड्रायव्हर उभे असतात. अशात स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत बसलं की समोरचा माणूस चक्राला बोलत नाही, टेबलावरच्या बाईला बोलतो.

मग त्यांनी काय केलं होतं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. तक्रार करून काही होत नाही म्हटल्यावर त्यांनी जेवण लवकर आटपून जमेल तेवढी इन्व्हॉइसं तीनच्या आत काढायला सुरुवात केली, माल भरायच्या आधीच, आणि मग भरताना नग कमी-जास्त झाले की कॅन्सल करून परत. आणि ई-वे बिल त्या स्वतःच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काढत होत्या. स्वतःच्या रिचार्जमधून. कोणी सांगितलं नव्हतं, कोणाला सांगितलंही नव्हतं. मी म्हटलं, "ताई, मला येऊन सांगायचं होतं ना." तर म्हणाल्या, "चारदा सांगितलं की." रागानं नाही. तारीख सांगावी तसं.

आयटीची खोली आमच्याकडे पहिल्या मजल्यावर, कोपऱ्यात. एसी कायम बावीसवर, बाहेर मे महिना असला तरी आत स्वेटर लागतो. भिंतीवर त्रेचाळीस इंची टीव्ही आणि त्यावर झॅबिक्सचा, म्हणजे नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रामचा, नकाशा, प्लांटचा आराखडा आणि त्यावर प्रत्येक स्विच, प्रत्येक सर्व्हर, प्रत्येक वायफाय पॉइंटचा एक ठिपका. तो नकाशा मी स्वतः बनवला, तीन महिने रोज संध्याकाळी बसून, आणि पहिल्यांदा सगळे ठिपके हिरवे झाले तो दिवस मला अजून आठवतो, प्लांट हेड पाहुण्यांना मुद्दाम वर घेऊन आले होते दाखवायला. ऑडिटला आलेली माणसं पण त्याच्यासमोर दोन मिनिटं थांबतात. मला त्याचा अभिमान होता आणि अजून आहे, हे काम मनापासून आवडतं मला. जिथं कधीकाळी सर्व्हर बंद पडल्याचं युजरच्या फोनवरून कळायचं तिथं आता डिस्क भरायच्या आठवडाभर आधी मेसेज येतो, यूपीएसची बॅटरी खालावली की कळतं, यात माझी आठ वर्षं गेलीत.

आणि या सगळ्याच्या मुळाशी काय आहे, तर एक हाक आणि एक ओ. पिंग. डिसेंबर १९८३ मध्ये माईक म्यूस नावाच्या माणसानं अमेरिकन लष्कराच्या एका प्रयोगशाळेत बसून एका संध्याकाळीत लिहिलेला छोटा प्रोग्राम, नाव पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून ठेवलेलं, पलीकडच्या मशीनला हाक मारायची आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजायचं. चाळीस वर्षांच्या वर झाली, अजूनही नेट गेलं की आपण सगळे पहिल्यांदा तेच टाइप करतो. याच म्यूसनं एक किस्सा लिहून ठेवलाय, तो मला फार आवडतो. कुठल्यातरी ऑफिसात नेटवर्क मध्येच जायचं, मध्येच यायचं, दोष सापडेना. तिथल्या माणसानं काय केलं, पिंगचं उत्तर आलं की कॉम्प्युटरनं तोंडानं 'पिंग' म्हणावं अशी सोय केली, ते स्टीरिओला जोडून आवाज पूर्ण वाढवला आणि स्वतः बिल्डिंगभर फिरत एकेक कनेक्टर हलवत गेला. पिंग, पिंग, पिंग, आणि ज्या कनेक्टरला हात लागल्यावर आवाज थांबला तोच खराब. त्या माणसानं स्क्रीन बघितलाच नाही, कान दिला आणि चालत गेला. मी हा किस्सा नवीन आलेल्या पोरांना दरवर्षी सांगतो. त्या रात्री आडवं पडल्यावर तोच आठवत राहिला, कारण चार तिकिटांपैकी एकालाही मी चालत गेलो नव्हतो. आमच्या खोलीपासून डिस्पॅच एकशे ऐंशी मीटर आहे. मध्ये रोड क्रॉस करायचा, कँटीनच्या मागून जायचं, पोचलं.

आमचे अण्णा वीज मंडळात सबस्टेशन ऑपरेटर होते. तेहतीस-अकरा केव्हीचं सबस्टेशन, फलटणच्या अलीकडं, आजूबाजूला उसाचं रान. लहानपणी सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायचो आणि मग तिथंच रेंगाळायचो. कंट्रोल रूममध्ये हिरव्या रंगाचं पॅनल, गोल काचेचे मीटर, भिंतीला लोंबणारी खडूची पाटी, आणि टेबलावर लॉगशीट. दर तासाला उठून प्रत्येक फीडरचे अँपिअर, व्होल्टेज, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान त्यात लिहायचं. रात्री दोन वाजता पण, तीन वाजता पण. काही जण सकाळी शिफ्ट संपताना एकदम बसून आठही तासांचे आकडे भरून टाकायचे, आधीच्या आकड्यांच्या आसपासचे, कोण विचारणार. अण्णांनी ते कधी केलं नाही. गजराचं घड्याळ लावून ठेवायचे पण त्याच्या आधीच उठलेले असायचे. सिलिका जेलच्या काचेच्या नळकांडीत निळे खडे असायचे, ते गुलाबी व्हायला लागले की ओल धरली, बदलायचे, हे मला चौथीत असताना माहीत होतं आणि वर्गात कोणालाच माहीत नव्हतं.

पण त्यांचं खरं लक्ष मीटरकडे नसायचं. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, सारखा एका सुरात, आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची म्हणून तो सूर शंभरचा, आणि उन्हाळ्यात मोटारी चालू झाल्या की तो जड होतो. अण्णा जेवता जेवता घास हातात धरून थांबायचे. मी म्हणायचो काय झालं, तर म्हणायचे, "काही नाही, ऐकतोय." एकदा पावसाळ्यात, बारीक भुरभूर चालू होती, ते असेच थांबले आणि बॅटरी घेऊन बाहेर गेले. लॉगशीटमधले सगळे आकडे बरोबर होते, ज्युनिअर इंजिनिअरला फोन केला तर तेही म्हणाले रीडिंग नॉर्मल आहेत ना मग सकाळी बघू. अण्णा म्हणाले, "साहेब, रीडिंग नॉर्मल आहेत, आवाज नाही." आणि यार्डात उभं राहून बघत राहिले, मला शेडखाली उभं केलं होतं, आणि मला दिसलं नाही पण त्यांना दिसलं, वरच्या एका क्लॅम्पवर पावसाचे थेंब पडत होते आणि तिथूनच वाफ निघत होती. चर्र चर्र असा अगदी बारीक आवाज. क्लॅम्प सैल होऊन तापला होता. मीटरला तो दिसत नाही कारण करंट तेवढाच जातोय, फक्त एका जागी सगळं भाजून निघतंय. त्याच रात्री फीडर बंद करून लाइनमननं तो आवळला. शेरा रकान्यात अण्णांनी एक ओळ लिहिली, ती काय होती ते आता आठवत नाही, पण लॉगशीटला शेवटी 'शेरा' नावाचा एक रुंद रकाना असतो आणि बहुतेक लोक तो कोराच सोडतात हे तेव्हापासून डोक्यात बसलंय.

ताईंच्या वहीतलं 'गाडी थांबली' म्हणजे तो शेरा होता.

तर गुरुवारी, आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, मी एकटाच गेलो आणि मुळापासून बघायला बसलो. पहिल्यांदा ग्राफ. आता हे ग्राफ आले कुठून, तर १९९४ च्या आसपास टोबी ओटिकर नावाच्या माणसाच्या कामाच्या ठिकाणी बाहेर जायला चौसष्ट केबीपीएसची एकच लाइन होती, ती किती भरतेय हे सगळ्यांना दिसावं म्हणून त्यानं एमआरटीजी लिहिलं, आत येणारं हिरवं, बाहेर जाणारं निळ्या रेघेत, दर पाच मिनिटांनी एक आकडा. पुढं साधनं बदलली पण ती पाच मिनिटांची सवय तशीच राहिली, आमच्याकडे पण. डिस्पॅचच्या लिंकची क्षमता शंभर एमबीपीएस आणि संध्याकाळी ग्राफ दाखवत होता पंचावन्न-साठ. धोक्याची रेघ मी ऐंशीला मारलेली. म्हणजे अजून वीसची जागा बाकी, मग हिरवा, मग आढळला नाही.

पण पाच मिनिटांची सरासरी म्हणजे काय, तर आपल्याकडच्या धरणक्षेत्रात महिन्याचा पाऊस सरासरीएवढा झाला म्हणतात आणि तो सगळा दोन दिवसांत पडून पिकं वाहून गेलेली असतात, तसलं. शुक्रवारी संध्याकाळी मी सेकंदाला एक याप्रमाणे आकडे घेतले. आणि तिथं तो साठचा सपाट डोंगर नव्हताच, करवतीचे दात होते. वर शंभरला टेकलेले, खाली वीस, परत शंभर, परत वीस. आणि प्रत्येक दाताच्या टोकाला स्विच पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, फेकून देत होता, कारण ठेवायला जागा नाही. फेकलेल्या पॅकेटचा काउंटर स्विच स्वतः इमानदारीत मोजत होता, लाखांमध्ये गेलेला आकडा. तो कोणी विचारला तर सांगणार ना.

हे लिहायला जड जातंय पण लिहितो. त्या काउंटरचा अलर्ट मीच बंद केला होता. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात विजांनी दोन-तीन स्विचचे पोर्ट खराब झाले होते आणि दिवसाला तीनशे-तीनशे अलर्ट यायचे, रात्री अडीचला फोन वाजायचा आणि उठून बघावं तर प्रिंटरचा टोनर संपलेला. घरात लहान बाळ. माणूस इतक्या हाकांना ओ देऊ शकत नाही, कोणीच देऊ शकत नाही, मग मी एका रविवारी बसून ज्यांच्यावर कधीच काही कारवाई होत नाही असे सगळे अलर्ट बंद केले, त्यात हा पण गेला. तेव्हा ते बरोबर वाटलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यातले नव्वद टक्के बंद केले ते बरोबरच होतं. पण बंद करताना एक यादी करून ठेवायला हवी होती आणि सहा महिन्यांनी ती परत वाचायला हवी होती. गोंगाट कमी करणं आणि कान झाकून घेणं, त्या रविवारी मला दोन्ही एकच वाटलं.

मूळ कुठं होतं, तर कॅमेऱ्यात. जूनच्या शेवटी लोडिंग बेला चोऱ्यांमुळे बारा नवे कॅमेरे बसवले होते, बसवणाऱ्यानं ते डिस्पॅचच्याच स्विचला जोडले आणि रेकॉर्डर ठेवला इकडे मेन बिल्डिंगमध्ये. मी त्याला आयपी अॅड्रेस देऊन सही केली होती, प्रत्येकी तीन एमबीपीएस म्हणजे छत्तीस, बसतंय की. पण कॅमेरा काय करतो, समोर काही हलत नसेल तर थोडाच डेटा पाठवतो आणि समोर हालचाल वाढली की जास्त. शिवाय ठरावीक वेळानं एक पूर्ण चित्र पाठवतो, ते बारा जणांनी एकदम पाठवलं की बारा नळांचं पाणी एका नळीत. आणि उजेड कमी झाला की चित्रात मुंग्या येतात, त्या मुंग्या पण त्याला हालचालच वाटते, मग अजून डेटा. म्हणजे बघा कसं जुळून आलं, गाड्या लागणार संध्याकाळी, माणसं, फोर्कलिफ्ट, ताडपत्र्या, सगळं हलणार संध्याकाळी, अंधारून येणार संध्याकाळी, आणि ज्या नळीतून ते सगळं जातंय त्याच नळीतून ताईंचं इन्व्हॉइस जाणार, संध्याकाळीच. जितक्या जास्त गाड्या तितका जास्त डेटा. त्यांना जेव्हा सगळ्यात जास्त घाई तेव्हाच नळी भरलेली. आणि माझा पिंग, मिनिटाला तीन बारीकशी पॅकेट, दातांच्या मधल्या फटीतून आरामात जाऊन यायचा आणि सांगायचा, सगळं ठीक आहे.

याच्यातली एक गोष्ट मला नंतर कित्येक दिवस टोचत राहिली. आमचे कॅमेरे यूडीपी नावाच्या पद्धतीनं डेटा पाठवतात, म्हणजे पोचलं नाही पोचलं बघत नाहीत, ओतत राहतात. ताईंचं इन्व्हॉइस टीसीपी नावाच्या दुसऱ्या पद्धतीनं जातं. टीसीपीचा स्वभाव असा की पॅकेट हरवलं की तो समजतो रस्त्यात गर्दी आहे, मग थांबतो, वेग कमी करतो, परत हरवलं तर आधीच्या दुप्पट थांबतो. हा स्वभाव त्याला नंतर लावलाय. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीच्या लॅब आणि युनिव्हर्सिटीच्या मध्ये, चारशे यार्डांचं अंतर फक्त, बत्तीस केबीपीएसचा वेग कोसळून चाळीस बिटवर आला होता. कारण प्रत्येक मशीन, गेलं नाही वाटतं म्हणून परत परत तेच पाठवत होती आणि गर्दी अजून वाढवत होती. व्हॅन जेकबसननं त्याचा अभ्यास करून टीसीपीला थांबायला शिकवलं, आणि आज सगळं इंटरनेट उभं आहे ते असं कोट्यवधी मशीन एकमेकांना जागा देतात म्हणून. मला हे कायम फार सुंदर वाटत आलंय, कोणी वरून हुकूम देत नाही, ज्याचं त्याला कळतं की आपण जरा हळू घ्यावं. पण एकाच नळीत एक थांबणारा आणि एक न थांबणारा असे दोघं असले की थांबणारा थांबतच राहतो. आणि थांबल्यामुळेच त्याचा आकडा ग्राफमध्ये इतका छोटा होतो की त्याला काही त्रास आहे असं वाटतच नाही.

तीन वाजता इन्व्हॉइस काढून ठेवणाऱ्या ताई मला तेव्हा दिसल्या, आणि हॉटस्पॉट.

बाकी दुरुस्तीत सांगण्यासारखं फार नाही. आमच्या साहेबांचं म्हणणं होतं की इंटरनेटची लीज लाइन शंभरची तीनशे करू, कोटेशन पण आलं होतं, आणि हे सगळीकडे होतं, नेट स्लो म्हटलं की लोक बाहेरची लाइन वाढवतात आणि गळा आवळलेला असतो आत, गोदामाच्या भिंतीवरच्या एका धुळीनं माखलेल्या डब्यात. त्या एकशे ऐंशी मीटरच्या फायबरच्या दोन्ही टोकांना जुने शंभर एमबीचे मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर साध्या केबलला जोडणारे डबे, होते, दोन्ही स्विचला फायबरचे मोकळे पोर्ट होतेच, पुढच्या गुरुवारी फायबर थेट स्विचला जोडणारे दोन एसएफपी मॉड्यूल टाकले आणि लिंक एक जीबीची झाली. कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे त्याच वायरीवरच्या वेगळ्या नेटवर्कवर, काढले, इन्व्हॉइसच्या ट्रॅफिकला आधी जाऊ द्यायचा नियम लावला. मॉड्यूल टाकायला वीस मिनिटं लागली, त्यातली दहा शिडी शोधण्यात गेली. जुना कन्व्हर्टर काढताना हाताला गरम लागला, तसा तो असतोच गरम, पण मी तो हातात धरून शिडीवर थोडा वेळ तसाच उभा होतो.

आणि एक केलं. डिस्पॅचच्या एका पीसीवर छोटी स्क्रिप्ट ठेवली, ती दर पाच मिनिटांनी इन्व्हॉइसचं पान उघडते आणि किती सेकंद लागले ते झॅबिक्सला कळवते. नकाशावर त्याचा ठिपका वेगळा दाखवलाय आणि त्याला नाव दिलंय 'वही'. नवीन पोरानं विचारलं हे कसलं नाव, मी त्याला खाली घेऊन गेलो आणि खरी वही दाखवली. अलर्टची यादी पण काढली आहे, बंद केलेल्या सगळ्यांची, एकशे तेरा आहेत, रोज पाच-पाच वाचतोय.

अण्णांना फोनवर सांगितलं हे सगळं. ते आता ऐंशीच्या घरात, ऐकायला कमी येतं, मशीन लावून पण मोठ्यानं बोलावं लागतं. कॅमेरे, टीसीपी वगैरे त्यांना काय कळणार म्हणून मी वहीबद्दलच जास्त सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या बाईंना सांगितलंस का, काय झालं होतं ते?" मी म्हटलं दुरुस्त केलंय ना. ते म्हणाले, "ते नाही विचारलं मी."

मग बुधवारी साडेचारला गेलो. रोड क्रॉस करून, कँटीनच्या मागून. पाच गाड्या लागल्या होत्या, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर चालू होता, किर्र किर्र किर्र, आणि माझ्या लक्षात आलं की हा आवाज आधी असा सलग येत नसणार, तुटत तुटत येत असणार, आणि इथं येऊन दहा मिनिटं नुसतं उभं राहिलो असतो तरी कळलं असतं. ड्रायव्हर बाजूला झाल्यावर मी ताईंना सांगितलं, कॅमेऱ्यांचं, मी सही केल्याचं, मी अलर्ट बंद केल्याचं, तुमची वही बरोबर होती आणि माझा स्क्रीन चुकीचा होता हे सगळं. त्या ऐकत होत्या आणि एकीकडे शिक्के मारत होत्या. मग त्यांनी ड्रॉवर ओढला, वही काढली, कोऱ्या पानावर तारीख टाकली, ४.४०, आणि घड्याळाकडे बघून एक इन्व्हॉइस काढलं. नऊ सेकंद. लिहिलं.

त्यांचा मोबाईल कीबोर्डच्या शेजारी उलटा ठेवलेला होता, चार्जिंगला लावून, हॉटस्पॉट चालूच. मी म्हटलं, "ताई, आता ते बंद करा, लागणार नाही."

"असू दे दादा," त्या म्हणाल्या, "दोन-चार दिवस असू दे."